उसनी चाल

४ ऑक्टोबर

ताई,

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हा मेल. हा पत्ता काही तुला बंद करता यायचा नाही, कारण लॅबचे रिपोर्ट तू यावरच मागवतेस. वाचायचं की नाही ते तू ठरव. मी आपली लिहिणार. तोंड बंद ठेवणं मला कधी जमलंय?

तर पोचलो एकदाचे परदेशात. आपल्या चर्चच्या मंडळीतून प्रचाराचं नाटक घेऊन देशाबाहेर गेलेली पहिलीच तुकडी आमची. पाळक, पेटीवाला, ढोलकीवाला, वायरमनदादा, त्याची बायको आणि मी. विमानतळावरच्या कस्टमवाल्याला पेटीचा संशय आला. त्याने भाता उचलून आत डोकावून पाहिलं, बोट घातलं, वाससुद्धा घेतला. शेवटी पेटीवाल्याने तिथेच फरशीवर मांडी ठोकली आणि अर्धं गीत वाजवून दाखवलं. मागच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे सुटलो. पाळक म्हणाले, ही आपली पहिली सेवा.

उतरायची सोय इथल्या मंडळीच्या तळघरात आहे. वर सभागृह, खाली आम्ही आणि बॉयलर. बॉयलर खाकरला की पेटीवाला म्हणतो, "आमेन." बायकांची बाजू वेगळी करायला नाटकाचाच निळा पडदा टांगलाय, त्यामुळे मी रोज गालील समुद्राच्या मागे कपडे बदलते. वायरमनदादाला दाढीच्या डिंकाने पुरळ उठलंय. प्रभूचं काम करणाऱ्याने गाल खाजवत फिरायचं म्हणजे कसं दिसतं ते तूच बघ.

पहिला प्रयोग याच मंडळीपुढे झाला. पाळक इंग्रजीत बोलतात आणि एक दुभाषी बाई ते इथल्या भाषेत सांगतात. त्या इथे शाळेत शिकवतात. गाण्यांना मात्र दुभाषी लागत नाही, ढोलकी सुरू झाली की म्हाताऱ्यासुद्धा पाय हलवतात. ऐन चमत्काराच्या वेळी दादाची दाढी एका बाजूने सुटली. त्याने एका हाताने दाढी धरली आणि दुसऱ्या हाताने मला बरं केलं.

आता तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असणार. हो, पांगळीचं काम अजून मीच करते. पण तू बोललीस त्याप्रमाणे मी त्यात बदल केलाय. तेव्हा तो विषय सोड.

एवढंच बोलते आणि थांबते. त्या रविवारी आपल्याकडे प्रयोग झाला, मी काठी फेकून चालायला लागले, टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांनी माना वळवून तुझ्याकडे पाहिलं. ते लोकांनी केलं, मी नाही. तू उठलीस आणि भर सभागृहातून दारापर्यंत चालत गेलीस. मी तुझ्या घरी आले तेव्हा म्हणालीस, "तू माझा पाय चोरलास." पाय कधी चोरता येतो का गं? मी लहानपणापासून सगळ्यांच्या नकला करते. पाळकांची केली की तू पोट धरून हसायचीस. मग तुझी केली तर एवढं आकाश कोसळायचं काय कारण?

तुझी धाकटी


७ ऑक्टोबर

ताई,

उत्तर नाही. नसू दे. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय आहे.

परवापासून आम्ही बस डेपोच्या समोरच्या चौकात प्रयोग करतो. पाळकांनी इथे पेरणी करायचं ठरवलं. पेरणी म्हणजे पात्र आधीच गर्दीत पेरून ठेवायचं. नाटक सुरू व्हायच्या बरंच आधी मी एकटीच जाऊन चौकातल्या पायरीवर बसते. जुनी शाल, पायाला चिंध्या, बगलेत काठी. मधूनच उठते, जरा चालते, परत येऊन बसते. येणारे-जाणारे समजतात, असेल कुणी बिचारी. मग पलीकडून पेटी-ढोलकी येते, गर्दी जमते, आणि वायरमनदादा पांढऱ्या झग्यात लोकांमधून वाट काढत नेमका माझ्यापाशी येऊन थांबतो. आपल्याकडे ही युक्ती चालली नसती. तिथे सगळ्यांना ठाऊक आहे मी कुणाची मुलगी, कुणाची बहीण आणि बस पकडायला किती जोरात धावते ते. इथे मला कोण ओळखतं?

काल मी उठले तेव्हा टाळ्या पडल्या नाहीत. चौक चिडीचूप झाला. मग एक बाई मोठ्याने ओरडली आणि लोकांना ढकलत पुढे आली. डेपोत बसगाड्या धुणारी आहे ती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत ओल्या बाह्या. कडेवर मुलगी, सहा-एक वर्षांची. मुलीची डावी टाच टेकत नाही, पाऊल आत वळलंय, पायात पट्ट्यांचा जाड बूट. ताई, अगदी तसंच. असो.

त्या बाईने माझा हात धरला आणि मुलीच्या पावलावर ठेवला. प्रभूचा नाही, दादा शेजारीच उभा होता. माझा. जिला मिळालंय तिच्याकडून घ्यावं, असं काहीतरी असेल तिच्या मनात. पाळकांनी लगेच प्रार्थना सुरू केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. मी हात काढून घेतला नाही. पाऊल गार होतं. मुलगी माझ्याकडे बघायचं सोडून ढोलकीकडे बघत होती.

इतकी माणसं आमच्यामुळे रडताना मी आजवर पाहिली नव्हती. मला आनंद झाला. झाला तर झाला, खोटं कशाला बोलू? दादाच्या बायकोने मला मिठी मारली. पेटीवाला म्हणाला, "आजचा सूर लागला बघ."

आज सकाळी मात्र तो हात सारखा बॉयलरवर धरून शेकत बसले. थंडीमुळे असेल.

धाकटी


१० ऑक्टोबर

ताई,

पहिल्या पत्रात मी थाप मारली. भूमिकेत काही बदल केलेला नाही. तुझी काठी तपकिरी आहे, म्हणून मी काळी घेतली, तेवढाच काय तो बदल. बाकी सगळं तुझं. उठताना आधी गुडघ्यावर तळहात दाबायचा. पायरी उतरताना भिंतीला खांदा लावायचा. कुणी बघतंय असं वाटलं की थांबायचं आणि उगाच शाल नीट करायची. हे शेवटचं तू करतेस, ते तुला तरी माहीत आहे का?

ती बस धुणारी रोज येते. कामावरून सुटली की तशीच, ओल्या कपड्यांनी. पहिल्या दिवशी मुलीच्या पायात बूट होता. दुसऱ्या दिवसापासून नाही. ती मुलीला खाली उतरवते आणि चार पावलांवर जाऊन हात पसरून उभी राहते. मुलगी चालते, जशी चालायची तशीच. आई हसून तिला उचलते आणि माझ्याकडे बघून मान हलवते, म्हणजे होईल, होईल.

आज दुभाषी बाईंनी मला बाजूला घेतलं. मुलीचं ऑपरेशन ठरलंय, सतरा तारखेला, सरकारी दवाखान्यात. त्यासाठी त्या माउलीने कितीतरी दिवस खेटे घातले होते. आणि आता ती म्हणते, मी तिथे जाऊन सांगणार की आम्हाला गरज उरली नाही. तो नंबर सोडला तर पुन्हा कधी लागेल याचा भरवसा नाही आणि पाय तर वाढत चाललाय. दुभाषी बाई मला एवढंच म्हणाल्या, "तुमचा पाय खरंच तसा होता का हो?" त्यांनासुद्धा नक्की माहीत नव्हतं! पाळकांचं प्रत्येक वाक्य ज्यांनी सांगितलं, त्यांनासुद्धा!

मी तशीच पाळकांकडे गेले. ते रक्तदाबाची गोळी घेत होते. घेतात बिचारे, न चुकता, जेवणाआधी.

"आपण कुणाला डॉक्टरकडे जाऊ नका असं म्हटलंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पण तिला वाटतंय मी खरोखरची पांगळी होते आणि बरी कशी झाले तेच रोज करून दाखवते."

"अगं, नाटक आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं."

"तिला नाही कळलेलं."

"मग तिची श्रद्धा तरी खरी आहे ना? ती मोडणारे आपण कोण? पंधराला शेवटचा प्रयोग आहे, सोळाला विमान. तोवर शांत राहा. आणि एक सांगू का, रागावू नकोस. तुझ्या ताईचं वारं लागू देऊ नकोस."

मी शांत राहिले. संध्याकाळी पुन्हा त्या पायरीवर जाऊन बसले, उठले, शाल नीट केली. ती समोरच उभी होती.

मला आपली आई आठवते. तुला घेऊन सभेमागून सभा पालथ्या घालायची. मी तिच्या पदराला धरून मागे. प्रत्येक सभेनंतर तुला म्हणायची, "चालून दाखव बाळा." तू चालायचीस, जशी चालायचीस तशीच. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, श्रद्धा कमी पडली. कुणाची, ते कधी सांगितलं नाही कुणी, पण बघायचे तुझ्याकडे. मला तेव्हा तुझाच राग यायचा. वाटायचं, हिने जरा नीट चाललं तर काय बिघडेल, आपण लवकर घरी तरी जाऊ.

मला भीती वाटतेय, ताई. तू इथे असतीस तर तुझ्या पांघरुणात घुसले असते.

धाकटी


१३ ऑक्टोबर

ताई,

हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण आधी वाच.

आज पाळकांना न सांगता मी दुभाषी बाईंना घेऊन डेपोत गेले. बस धुण्याच्या जागी सगळीकडे पाणी, साबणाचा फेस, आणि आपल्या उंचीचे ब्रश. मुलगी एका पालथ्या बादलीवर बसून पावाचा तुकडा खात होती. मला बघितल्यावर तिच्या आईने पाइप टाकला, हात पुसले आणि माझ्या पायांकडे इतक्या मायेने पाहिलं की मला तिथूनच पळून जावंसं वाटलं.

मी म्हटलं, "मी पांगळी कधीच नव्हते. जन्मापासून धडधाकट आहे."

दुभाषी बाईंनी सांगितलं. ती हसली, माझ्या गालाला हात लावला आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, आता तू धडधाकट आहेसच."

मी पुन्हा सांगितलं. नाटक, सोंग, खोटं, जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे. ती मान हलवत राहिली. दुभाषी बाई म्हणाल्या, "तिला वाटतंय तुम्हाला मोठेपणा नकोय, म्हणून असं बोलताय."

आता काय करावं? मग मी शेजारच्या ब्रशचा दांडा बगलेत घेतला आणि तिच्यासमोर तुझ्यासारखी चालले. भिंतीपर्यंत गेले, दांडा टाकला आणि धावत परत आले. पुन्हा दांडा घेतला, पुन्हा लंगडले, पुन्हा धावले. मुलगी खिदळायला लागली, तिला तो खेळच वाटला. टाळ्या वाजवून ती पुन्हा पुन्हा करायला लावत होती आणि मी करत होते. तिच्या आईचं हसू कधी गेलं ते मला कळलं नाही. मी थांबले तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती, ओल्या फरशीवर. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिने विचारलं. "असं चालणं मनाने रचता येत नाही. मी रोज बघते. गुडघ्यावर हात ठेवायचं तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीचं आहे ते."

"तुला बहीण आहे?"

"मोठी."

"तिच्यासाठी प्रार्थना नाही केली कुणी?"

"खूप केली."

"आणि?"

ताई, तुझ्याबद्दल काय सांगायचं तेच मला माहीत नव्हतं. तू लॅबमध्ये कामाला आहेस, एकटी राहतेस, तिखट बोलतेस, एवढं सांगितलं. दुखतं का, ती म्हणाली. मला माहीत नाही. ऑपरेशन केलं का? केलं. उपयोग झाला का? थोडा. वेळेवर केलं असतं तर? मी तेव्हा लहान होते, मला कुणी काही सांगितलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "तुझ्यावर माझा विश्वास नाही. पाळकांवर नाही. डॉक्टरवरही किती ठेवू, तो माझ्याशी दोन मिनिटंसुद्धा बोलला नाही. मला तुझ्या बहिणीशी बोलायचंय. तिला चालताना बघायचंय."

मी तुझा नंबर दिला. न विचारता. हेही पुन्हा न विचारताच.

उद्या दुपारच्या सुट्टीत ती दुभाषी बाईंच्या फोनवरून करेल, व्हिडिओवर. तुला अनोळखी नंबर दिसेल. दवाखान्याला तिने अजून कळवलेलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगायचंय, येणार की नंबर सोडणार.

पाळकांना मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, त्या पायरीवर मी आता बसणार नाही. ते गोळीची डबी उघडून बंद करत राहिले. वायरमनदादाने दाढी गुंडाळून ठेवली आणि म्हणाला, "मग मी बरं कुणाला करू?" हसावं की रडावं तेच कळेना.

माझं तोंड बघू नकोस हवं तर. फोन उचल.

धाकटी


१४ ऑक्टोबर

मेल मिळाले. चारही. वाचतही होते.

फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते, रक्ताच्या नळ्या लावत. अनोळखी नंबर मी उचलत नाही. हा उचलला.

तिने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. दुभाषी बाई म्हणाल्या, "त्या विचारतात, चालून दाखवाल का?" हे दोन शब्द मी जन्मात पुन्हा ऐकणार नाही असं ठरवलं होतं. तुला ते माहीत आहे, कारण तू तिथे असायचीस. मी फोन ठेवणारच होते. पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मी बरी झाले का हे तिला बघायचं नव्हतं. मी आहे तशीच बघायची होती. असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मी फोन शिपाईमामांच्या हातात दिला आणि कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत जाऊन आले. पेशंट बघत होते. बघू देत. शाल मी अंगावर घेतलीच नव्हती.

तिने विचारलं, दुखतं का. म्हटलं, दुखतं, संध्याकाळी जास्त. ऑपरेशन कधी झालं? अकराव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले होते, पाच-सहा वर्षांची असताना आणली असती तर काठी लागली नसती. मग का नाही आणलं? मी म्हटलं, माझी आई वाट बघत होती. माझ्यावर तिचा फार जीव होता आणि ती वाट बघत होती.

दुभाषी बाईंना हे सांगायला जरा वेळ लागला. त्या रडत होत्या. ती नव्हती रडत.

मग तिने आणखी एक विचारलं. मुलीला आत नेतील तेव्हा ती रडेल, तेव्हा मी काय करू? मी म्हटलं, दार बंद होईपर्यंत हात सोडू नका आणि दार उघडेल तेव्हा तिथेच उभ्या असा. बाकी काही करू नका. माझ्या वेळी दार उघडलं तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. आई प्रार्थनेला गेली होती, तुला घेऊन. तुझा दोष नाही, तू सहा वर्षांची होतीस.

ती दवाखान्यात "येतो" म्हणून कळवणार आहे. पण तिला बदली माणूस नाही. ती डॉक्टरशी बोलायला, औषधं आणायला गेली तर दारापाशी थांबायला कुणीतरी लागेल. दुभाषी बाईंची त्या दिवशी शाळा आहे. तुझं विमान सोळाला आहे ते मी वाचलं. ते विमान जाऊ दे, तू थांब. पाळकांना सांग, माझंच वारं लागलंय.

तुला मी माफ केलेलं नाही. चोरलास तो चोरलासच. आणि नकलेत एक चूक आहे: मी गुडघ्यावर हात टेकते ते दुखतं म्हणून नाही, पाय तिथे आहे की नाही हे चाचपून बघते. सकाळी कधी कधी कळत नाही. तुला हे माहीत असायचं कारण नाही, तू कधी विचारलं नाहीस.

सतराला दार उघडलं की लगेच फोन कर, कितीही वाजलेले असोत. तुझा नंबर आज चालू केलाय. ती मुलगी कशी आहे तेवढं सांग. स्वतःचं काही सांगत बसू नकोस.

ताई